पीएसए टेस्ट करायची का, हे रक्त द्यायच्या आधी ठरवा

आता इंदूरात फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं की पन्नाशीपुढच्या पुरुषांची पीएसए टेस्ट, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहायची रक्ततपासणी, बरेचदा त्यात आपोआपच येते, सकाळी घरून सॅम्पल नेतात, संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट, आणि आकडा ४ च्या वर दिसला की राजेंद्र नगरातले एखादे काका रात्रभर झोपत नाहीत. टेस्ट वाईट नाही हो, पण करायची का असं आधी कोणीतरी विचारायला हवं ना, तेच राहून जातं.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती) बनणारं प्रोटीन, वीर्य पातळ ठेवायला लागतं, थोडंसं रक्तात उतरतं. कॅन्सरमध्ये ते वाढतं, पण वयानं ग्रंथी मोठी झाली तरी वाढतं, लघवीचं इन्फेक्शन, कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी), आदल्या एक-दोन दिवसांतलं वीर्यपतन, यानंही वाढतं. उलट प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइडची गोळी बरेच महिने चालू असेल तर आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून ते डॉक्टरांना सांगाच. पीएसए वाढलेल्या चौघांपैकी साधारण तिघांना कॅन्सर निघत नाही, आणि नॉर्मल आलेल्यांपैकीही काहींना तो असतो.

मग फायदा किती? युरोपात १,६०,००० च्या वर पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, २३ वर्षांचे निकाल २०२५ मध्ये आले. स्क्रीनिंगच्या, म्हणजे त्रास नसतानाच टेस्टला बोलावलेल्यांच्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्के कमी होते, म्हणजे ४५६ जणांना टेस्टला बोलावलं तेव्हा एकाचा मृत्यू टळला, आणि त्या टळलेल्या एका मृत्यूमागे साधारण १२ जणांना जास्तीचं कॅन्सरचं निदान झालं. त्यातल्या बऱ्याच जणांचा कॅन्सर इतका हळू वाढणारा असतो की आयुष्यभर त्रास दिला नसता, पण नाव ऐकलं की घरचे लगेच ऑपरेशन म्हणतात, आणि ऑपरेशन किंवा रेडिएशननंतर लघवी गळणं, लैंगिक अडचणी, हे मागे लागू शकतं. याबद्दल आपल्याकडे पुरुष बायकोशीसुद्धा बोलत नाहीत, मला तेच फार खुपतं.

ब्रिटनमधल्या एका अभ्यासात प्रोस्टेटपुरत्याच मर्यादित कॅन्सरवर ऑपरेशन, रेडिएशन की फक्त लक्ष ठेवणं हे पाहिलं, १५ वर्षांनी तिन्ही गटांत जवळपास ९७ टक्के लोक त्या कॅन्सरनं गेलेले नव्हते. शिवाय आता बायोप्सीआधी (सुईनं प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासतात ती) एमआरआय करता येतो, त्यामुळे काहींची सुई टळते.

माझ्या मते ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ठरवावं, वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर ही गोष्ट आधीच काढावी, सत्तरीनंतर सहसा नको. आणि आकडा वाढलेला आला तर घाबरून लगेच बायोप्सी नको, आधी काही आठवड्यांनी परत टेस्ट करून घ्या. लघवीला अडथळा, लघवीत रक्त किंवा न थांबणारी हाडदुखी असेल तर मात्र हा स्क्रीनिंगचा हिशोब लागूच होत नाही, सरळ युरॉलॉजिस्टकडे जा.