मैफलीच्या मंचावर स्टुडिओचा कंडेन्सर माइक

“कंडेन्सर नको, तो लांबचं ओढतो, शिट्टी मारेल.” मैफलीआधी आवाज लावताना हे वाक्य हमखास कानावर पडतं. कंडेन्सर म्हणजे पातळ पडदा आणि त्यामागची पट्टी यांच्यातल्या विद्युतभारावर चालणारा माइक. शिट्टी वाजते हे खरं आहे. पण तिचं कारण चुकीचं सांगितलं जातं, म्हणून उपायही चुकतो.

शुअर एसएम ५८ हा नेहमीचा डायनॅमिक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा) माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. स्टुडिओतला नॉयमान यू ८७ एआय तेवढ्याच आवाजाला २८ मिलिव्होल्ट देतो. हा फरक सुमारे १५ पटींचा, म्हणजे साडेतेवीस डेसिबलचा आहे. एसएम ५८ साठी लावलेल्या गेनवरच (माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये शिरताना जितका वाढवतात ते प्रमाण) यू ८७ जोडला तर तो ओरडणारच. गेन तेवढाच उतरवला की दोघे एका पातळीवर येतात. माइक जास्त संवेदनशील असला तर गायकाचा आवाज वाढतो आणि स्पीकरमधून परत आलेला आवाजही त्याच पटीत वाढतो. दोन्हींचं प्रमाण तेच राहतं आणि शिट्टी या प्रमाणावर ठरते. माइकमधून निघालेला आवाज मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, सभागृह असा फिरून माइकपाशी परत येतो. एखाद्या कंप्रतेवर तो निघाला होता तेवढाच किंवा त्याहून मोठा होऊन, त्याच कलेत (लाटेचे चढ-उतार जुळून) परतला, की ती कंप्रता स्वतःला वाढवत सुटते.

मग कंडेन्सरच जास्त का ओरडतो? पहिलं कारण अंतर. एसएम ५८ ओठांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर असतो. स्टुडिओचा माइक सवयीने अर्ध्या मीटरवर ठेवला जातो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो, म्हणून १० सेंटिमीटरऐवजी ५० वर गेल्यास १४ डेसिबल जातात. ते भरून काढायला फेडर (चॅनलचा आवाज ठरवणारी सरकती कळ) १४ डेसिबल चढवला की स्पीकरचा परतणारा आवाजही १४ डेसिबल चढतो. एसएम ५८ सुद्धा अर्ध्या मीटरवर ठेवून पाहा, तोही शिट्टी मारेल. नाटकात नट माइकपासून २ मीटरवर असतो तेव्हा हाच तोटा २६ डेसिबल होतो. तिथे कोणताही माइक आणला तरी फार मोठा आवाज मिळणार नाही.

दुसरं कारण दिशा. मोठ्या पडद्याच्या माइकचा पडदा सुमारे २५ मिलिमीटरचा असतो आणि १० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४ मिलिमीटर. दोन्ही मापं जवळ आली की माइक वरच्या कंप्रतांना समोरून एक आणि बाजूने वेगळंच ऐकतो. शिवाय अनेक स्टुडिओ माइकना आवाज उजळ यावा म्हणून ५ ते १२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मुद्दाम चढ दिलेला असतो. त्या उंचवट्यावर शिट्टी सर्वांत आधी पकडली जाते. मंचासाठी निवड आपल्या हातात असेल तर आमचं मत लहान पडद्याच्या, पेन्सिलसारख्या सडपातळ माइकला: नॉयमान केएम १८४ किंवा शुअर एसएम ८१. बाजूने येणारा आवाज ते कमी बिघडवतात. मोठा पडदा गायकाच्या समोर एकच ठेवावा.

दिशेचा फायदा घ्यायचा तर माइक कुठे बहिरा आहे हे माहीत हवं. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक अगदी मागे, १८० अंशांवर सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर (कलाकाराला ऐकवणारा मंचावरचा स्पीकर) त्याच्या थेट पाठीमागे ठेवावा. त्याहून अरुंद दिशेचं ऐकणाऱ्या हायपरकार्डिऑइडचा बहिरा कोन ११० अंशांच्या आसपास येतो. त्याला मॉनिटर सरळ पाठीमागे चालत नाही, तिरका लागतो. एकेजी सी ४१४ सारख्या माइकवर हे आकृतिबंध बटणाने बदलतात. बटण बदललं आणि मॉनिटर जागचा हलवला नाही, तर सुधारणेऐवजी बिघाड होतो.

बैठकीच्या गायनात खरी कसोटी तबल्याची. समजा, तबल्याचा माइक तबल्यापासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि गायकाचा कंडेन्सर १ मीटरवर. तोच ठेका गायकाच्या माइकला ८५ सेंटिमीटर जास्त चालून, म्हणजे अडीच मिलिसेकंद उशिरा मिळतो. दोन्ही मिक्सरमध्ये एकत्र आले की २०० हर्ट्झवर लाटा एकमेकींना खोडतात आणि पहिली काट बसते, मग ६०० वर, मग १००० वर. ऐकणाऱ्याला तबला नळीतून वाजल्यासारखा पोकळ वाटतो आणि लोक तबल्याच्या माइकचा टोन फिरवत बसतात. दोष असतो गायकाच्या माइकचा, कारण त्याचा गेन चढलेला असतो. उपाय असा: गायकाचा माइक १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत आत आणावा, हायपरकार्डिऑइड निवडून त्याचा बहिरा कोन तबल्याकडे येईल असा वळवावा, आणि दोन माइकमधलं अंतर प्रत्येकाच्या त्याच्या स्रोतापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवावं. इतक्या जवळ आलं की दिशादर्शी माइकमध्ये खर्ज फुगतो, म्हणून ८० ते १०० हर्ट्झखालचं कापावं. समोर फुंकर अडवणारा फोम हवाच. बैठा स्टँड लाकडी मंचावर थेट ठेवला तर मांडी बदलल्याचा धक्काही ऐकू येतो, म्हणून शॉक माउंट (धक्के अडवणारी माइकची लवचीक पकड) काढून टाकू नये.

तानपुरे गायकाच्या मागेच असतात आणि कंडेन्सर त्यांना आपोआप ऐकतो. त्यांचे वेगळे माइक बहुतेक वेळा बंद ठेवता येतात. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी आवाज चढवायला उरलेली जागा ३ डेसिबलने कमी होते. आठ उघडे माइक म्हणजे एका माइकच्या तुलनेत ९ डेसिबलचं नुकसान.

आता वीज. कंडेन्सरला मिक्सरमधून फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणारी वीज, लागते. नॉयमानने १९६६ मध्ये नॉर्वेच्या रेडिओसाठी ती वापरली, आणि तिथे स्टुडिओच्या आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच उपलब्ध होते, म्हणून हाच आकडा रूढ झाला. एक्सएलआरच्या (माइक केबलच्या तीन पिनांच्या जोडाच्या) २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांवर ६.८१ किलोओहमच्या दोन रोधांतून सारखाच दाब येतो, परतीची वाट पिन १. काहीही न जोडता मल्टिमीटरने मोजा: १ व २ मध्ये आणि १ व ३ मध्ये ४४ ते ५२ व्होल्ट दिसावेत, २ व ३ मध्ये जवळपास शून्य. स्वस्त मिक्सरवर सहा-आठ कंडेन्सर एकदम लावले की दाब बसतो. मग आवाज खरखरीत, दबका होतो आणि दोष माइकच्या माथी जातो. ट्रान्सफॉर्मरच्या स्प्लिटरमधून (एक सिग्नल दोन ठिकाणी वाटणाऱ्या पेटीतून) रेकॉर्डिंगला दुसरी तार दिली असेल तर फँटम फक्त थेट जोडलेल्या मिक्सरकडूनच मिळते, दुसऱ्या बाजूने पोचत नाही. चालू-बंद करताना आणि केबल काढताना चॅनल म्यूट हवा, नाहीतर स्पीकरच्या ट्वीटरला (वरच्या कंप्रतांच्या छोट्या भागाला) धडका बसतात. चॅनलवर लाल दिवा लागत असेल तर फेडर नव्हे, गेन उतरवा, किंवा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारं बटण) लावा.

सभागृहात क्रम असा ठेवावा. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे; माइक त्यांच्या रेषेच्या मागे. सबवूफरकडे (खर्जाच्या स्पीकरकडे) गायकाचा चॅनल पाठवूच नये. मॉनिटर बंद ठेवून, कलाकार जागेवर बसले की फेडर हळू चढवावा. पहिली बारीक घुमणी ऐकू आली की ग्राफिक इक्वलायझरवर (कंप्रतांच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) त्या कंप्रतेची पट्टी ३ डेसिबल खाली. पुन्हा चढवा, दुसरी सापडेल. तीन-चार पट्ट्यांवर थांबा आणि फेडर ६ डेसिबल खाली आणून तिथे काम करा. मग मॉनिटरसाठी हेच. पाचवी-सहावी पट्टी कापायची वेळ आली तर इक्वलायझर सोडून माइक किंवा स्पीकर हलवा, नाहीतर गायकाचा आवाजच कापला जातो.

कोकणात, मुंबईत, पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो. पडदा आणि मागची पट्टी यांच्यात विद्युतभार टिकून राहावा म्हणून माइकच्या आत गिगाओहमच्या घरातला रोध असतो. वातानुकूलित गाडीतून थंड माइक दमट सभागृहात आणला की पडद्यावर दव धरतं, भार गळतो आणि चरचर, फटफट सुरू होते. माइक पेटीतच अर्धा-पाऊण तास सभागृहात ठेवून मगच उघडावा. पेटीत सिलिका जेल असावं. चरचर सुरू झालीच तर माइक उतरवून कोरड्या जागी ठेवावा. उन्हात नको, हेअर ड्रायरची गरम हवा तर नकोच. सेनहायझरच्या एमकेएच मालिकेसारखे रेडिओ-कंप्रतेवर चालणारे कंडेन्सर या त्रासाला फारसे बळी पडत नाहीत. म्हणून उघड्यावरच्या कार्यक्रमासाठी ते बरे. तरीही बदली म्हणून एक डायनॅमिक माइक स्टँडवर, केबल जोडून, म्यूट करून तयार ठेवावा.