एका सहीसाठी चार वर्षं: ज्युडिथ ह्यूमन यांच्या लढ्याची पार्श्वभूमी

कायदा झाला, पण नियमावली निघाली नाही, म्हणून काहीच हललं नाही. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांची लढाई नेमकी याच ठिकाणी चार वर्षं अडली होती. या लढ्यातल्या आघाडीच्या कार्यकर्त्या ज्युडिथ ह्यूमन यांची कारकीर्द समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

१९७३चा पुनर्वसन कायदा मुळात प्रशिक्षण आणि रोजगारासाठीच्या मदतीचा. त्याच्या शेवटी, कलम ५०४ म्हणून, सिनेटमधल्या कर्मचाऱ्यांनी एक वाक्य घातलं: केंद्र सरकारचा पैसा जिथे जातो, तिथे केवळ अपंगत्वामुळे कुणालाही वगळता येणार नाही. साचा १९६४च्या नागरी हक्क कायद्यातला. त्या वेळी त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. पण शाळा, विद्यापीठं, रुग्णालयं, सगळीच त्याच्या कक्षेत येत होती. मग खर्चाचे हिशेब मांडले जाऊ लागले आणि नियमावली सहीविना पडून राहिली. राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले.

वगळणं म्हणजे काय, हे ह्यूमन यांना पाचव्या वर्षीच कळलं होतं. जन्म १९४७चा, बालपण ब्रुकलिनमध्ये. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. आई शाळेत घेऊन गेली, तेव्हा आग लागली तर चाकाची खुर्ची धोक्याची ठरेल, असं सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं. १९७० साली शिक्षिका होण्यासाठी परवाना मागितला, तेव्हा न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने पुन्हा आगीचंच कारण पुढे केलं. त्या कोर्टात गेल्या. खटला न्यायमूर्ती कॉन्स्टन्स बेकर मोटली यांच्यासमोर आला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. मंडळाने माघार घेतली आणि ह्यूमन वर्गात शिकवू लागल्या.

१९७४मध्ये त्या सिनेटर हॅरिसन विल्यम्स यांच्या कार्यालयात काम करत होत्या. अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५चा कायदा तिथेच आकार घेत होता. शाळेने दारातून परत पाठवलेली मुलगी आता त्याच प्रश्नाच्या मसुद्यावर काम करत होती. मला त्यांच्या आयुष्यातला हा टप्पा आंदोलनाइतकाच मोलाचा वाटतो, कारण कागद कुठे अडतो हे त्यांनी आतून पाहिलं.

कलम ५०४च्या अडलेल्या नियमावलीवर सही व्हावी म्हणून ५ एप्रिल १९७७ रोजी ह्यूमन यांच्यासह शंभराहून अधिक लोक सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. कुणी चाकाच्या खुर्चीवर, कुणी अंध, कुणी कर्णबधिर. कित्येकांची औषधं आणि मदतनीस बाहेरच राहिले होते. फोन तोडल्यावर कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत निरोप पोचवले. गरम जेवण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते आणून देत. मुंबईत १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतलं, तेच हे पँथर.

इमारतीतच सुनावणी झाली. नियमावली ज्यांच्याकडे अडली होती त्या आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याचा अधिकारी ह्यूमन यांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. आम्ही काय बोलतोय हे तुम्हाला कळत नसेल तर मान डोलावणं थांबवा, असं त्यांनी भरल्या गळ्याने त्याला सुनावलं. २८ एप्रिलला त्या खात्याचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमावलीवर सही केली. पुढे १९९०च्या अमेरिकन अपंग हक्क कायद्याचा पाया याच नियमांनी घातला.

ह्यूमन स्वतः सरकारात गेल्या. १९९३ ते २००१ शिक्षण खात्यात सहायक सचिव, मग जागतिक बँकेत अपंगत्वविषयक सल्लागार, आणि २०१० ते २०१७ परराष्ट्र खात्यात विशेष सल्लागार. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारासाठी त्यांनी आपल्याच सिनेटकडे आग्रह धरला, पण २०१२मध्ये दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत. ६१ विरुद्ध ३८. ४ मार्च २०२३ रोजी त्या गेल्या, तोवर अमेरिकेने तो मान्य केलेला नव्हता.

भारताने तो २००७मध्येच स्वीकारला. त्यातूनच आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. राज्यांनी नियम सहा महिन्यांत करावेत, असं त्यातच लिहिलं आहे. ती मुदत उलटून गेली, तरी कित्येक राज्यांचे नियम आले नव्हते.