टेक्सास होल्डेम

पोकरचा आज सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार. ५२ पत्त्यांच्या एका जोडावर साधारण दोन ते दहा जण खेळतात. प्रत्येकाला दोन पाने उपडी मिळतात. मग टेबलावर आधी तीन (फ्लॉप), नंतर एक (टर्न) आणि शेवटी आणखी एक (रिव्हर) अशी पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडतात. या सातांतली उत्तम पाच पाने ज्याची, त्याचा पॉट, म्हणजे डावात जमलेले सगळे पैसे. पैसे लावण्याच्या फेऱ्या चार. मधेच बाकीच्यांनी पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला, तर उरलेला खेळाडू काहीही न दाखवता जिंकतो.

खेळाचे जन्मस्थान म्हणून टेक्सासच्या विधिमंडळाने २००७ मध्ये रॉब्सटाउन या गावाला मान्यता दिली. १९७० मध्ये लास व्हेगसला बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू कॅसिनोत ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ सुरू झाली. तिथे २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर (आडनाव खरेच हे!) हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन २५ लाख डॉलर जिंकला आणि जगभरच्या हौशी मंडळींची रीघ लागली.

मराठी नवशिक्याला बहुधा तीन पत्ती आधीच येते, आणि तीच त्याला नडते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने येणारी पाने) कलरला (सगळी पाने एकाच चिन्हाची) मारतो. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सच्या वर. यात लहर कुणाचीच नाही. तीन पानांच्या शक्य असलेल्या २२,१०० हातांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पानांच्या २५,९८,९६० हातांत मात्र सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचढ. (तीन पत्ती स्वतः हा नियम पुरता पाळत नाही: ट्रेल (तिन्ही पाने सारखी) ५२ आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा) ४८, तरी मान ट्रेलला.) एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत दुसऱ्या क्रमांकाचा सिक्वेन्स मानतात, पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सर्वांत हलका. सुरुवातीचे पैसेही तीन पत्तीतल्या बुटासारखे सगळ्यांनी भरायचे नसतात, डीलरच्या डावीकडचे दोघेच भरतात. म्हणून वाईट पाने फुकट टाकता येतात, आणि नवखे नेमके तेवढेच करत नाहीत.

दुसरा खड्डा जोडपानाचा, ज्याला किकर म्हणतात. समजा टेबलावर एक्का, दश्शी, अठ्ठी, छक्की, दुर्री आहेत आणि कलर कुणाचाच होत नाही. तुमच्याकडे एक्का-पंजी, समोरच्याकडे एक्का-राजा. जोडी दोघांची एक्क्यांचीच, पण राजा त्याच्या पाच पानांत येतो. तुमची पंजी कुठेच येत नाही. एक्का दिसला की धरून बसणाऱ्यांचे पैसे असेच जातात. एक्क्यांची जोडी हातात येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. तासाला तीसेक डाव धरले तर सरासरी सात तासांनी. मधला वेळ बहुतेक पत्ते टाकण्यातच जायचा असतो.

तिसरी गोष्ट पॉटच्या भावाची, आणि खरे शिक्षण इथे सुरू होते. टर्ननंतर तुमची चार पाने बदामाची आहेत. न दिसलेल्या ४६ पानांत ९ बदाम, म्हणजे कलर लागण्याची शक्यता सुमारे २० टक्के. पॉटमध्ये २०० होते, समोरच्याने १०० लावले. तुम्ही १०० घातले तर ४०० मधले १०० तुमचे. खेळ परवडायला २५ टक्के शक्यता हवी. ती नाही, पत्ते टाका. पॉट आधीच ४०० असता तर १७ टक्के पुरले असते, मग खेळणे योग्य, जरी पाचांपैकी चारदा हरणार असलात तरी. एका डावाच्या निकालावरून निर्णय बरोबर की चूक ते ठरत नाही, हे पचायलाच सर्वांत वेळ लागतो.

डीलरचे बटण (डीलरची जागा दाखवणारी चकती) ज्याच्यापुढे, तो फ्लॉपनंतर शेवटी बोलतो, म्हणजे आपला निर्णय सर्वांत शेवटी सांगतो, म्हणून जास्त माहितीवर खेळतो. त्या जागेवरून हलकी पानेही चालतात. पहिल्या जागांवरून ती टाकलेली बरी.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंत पोकर चालते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो. पण पोकर त्यात बसते का यावर एकमत नाही, आणि गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात, कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायच्या सर्वच ऑनलाइन खेळांवर बंदीची तरतूद आहे. त्यामुळे शिकणाऱ्यांना उरतात ती बिनपैशाची ॲप, नाहीतर घरच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या चिप्स.