नवे पॅड टाकले तरी चाकातून आवाज: ब्रेक ओरडतोय की बेअरिंग?

पिकअपचं ब्रेकचं काम करून आणलं, पुढे नवीन डिस्क पॅड, मागे ड्रममध्ये नवीन लायनर, जमलं तर रोटरपण (पॅड जिला धरतात ती फिरती चकती) बदलला, आणि गाडी कुर्ल्याहून निघून सायन सर्कलला पोचते तोच चाकातून आवाज सुरू. दुसऱ्या दिवशी परत गॅरेज. मिस्त्री म्हणतो, "शेठ, माल नवीन आहे, बसायला वेळ लागतो, चालवा थोडी." शेठ म्हणतो पॅड डुप्लिकेट टाकलेस. मग अजून एक पॅडचा सेट येतो, तोही ओरडतो, आणि ह्या सगळ्यात त्याच चाकात, पॅडपासून चार बोटांवर बसलेल्या बेअरिंगकडे कोणी बघत नाही. उलटंपण होतं म्हणा, बेअरिंग बदलून झालं आणि शेवटी रोटरमागचा वाकलेला पत्रा सापडला.

ह्या दोघांत गोंधळ होणारच, कारण रोटर आणि बेअरिंग दोन्ही एकाच हबवर (चाक बोल्टने बसतं तो मधला भाग) बसलेत, दोन्ही चाकाबरोबर फिरतात, म्हणून स्पीड वाढला की दोन्ही आवाज वाढतात, आणि आवाज लोखंडातून चेसिसमध्ये आणि चेसिसमधून केबिनमध्ये येतो तेव्हा तो डावीकडचा की उजवीकडचा हेपण नीट कळत नाही. म्हणून नुसतं कानाने "हा पॅडचाच" असं ठरवणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. आवाज कशाने बदलतो ते बघायचं, पॅडलने की स्टिअरिंगने. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आधी ब्रेकचं बघू. बोलेरो पिकअप घ्या नाहीतर टाटाची इंट्रा, पुढे डिस्क आणि मागे ड्रम हाच मामला. डिस्कची ती बारीक "चींऽऽ" असते ना, सिग्नलला थांबताना सगळे वळून बघतात ती, ती घासण्यापेक्षा थरथरीची असते. पॅड रोटरला धरतो, सुटतो, परत धरतो, हे सेकंदाला हजार ते पंधरा हजार वेळा होतं आणि रोटर, पॅड, कॅलिपर (पॅड दाबणारी पकड) सगळं मिळून वाजायला लागतं. म्हणून पॅड एकदम चांगला, जाड, नवाकोरा असूनही चीं येऊ शकते आणि ब्रेकपण व्यवस्थित लागू शकतो. कारण बऱ्याचदा फालतू असतं: पॅडच्या पाठीमागची पातळ शिम (थरथर दाबणारा पत्रा) जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात गेली, ब्रॅकेटमधल्या स्टीलच्या क्लिपा नवीन लावल्याच नाहीत, पॅडचे कान बसतात तिथला गंज घासून काढला नाही. शिवाय काही पॅडना घिसाई दाखवणारी पत्र्याची जीभ असते, पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, साधारण २-३ मिमी उरला की ती रोटरला लागून मुद्दाम किंचाळते, ती फिटिंग करताना वाकली किंवा आतला पॅड बाहेर बसला तर पहिल्या दिवसापासून ओरडणार.

दुसरा ब्रेकचा आवाज म्हणजे खरखर. सकाळी गाडी काढली, पहिल्या तीन-चार ब्रेकला खर्र झालं आणि मग गेलं, तर तो रोटरवर रात्रीत आलेला गंज आहे, पावसाळ्यात आणि खाडीजवळ पार्किंग असेल तर हे रोजचंच, त्यासाठी एक पैसापण खर्च करू नका. पण दाबलं की खर्र, प्रत्येक वेळी, दिवसभर, तर मसाला संपून लोखंडाला लोखंड लागतंय किंवा मध्ये काहीतरी अडकलंय.

आणि "बसायला वेळ लागतो" हे मिस्त्रीचं म्हणणं अगदीच थाप नाही हं. नवीन पॅडचा पातळ थर रोटरवर सारखा चढावा लागतो. त्यासाठी रिकाम्या रस्त्यावर ५० च्या स्पीडवरून मध्यम दाबाने १० पर्यंत आणायची, परत ५०, असं आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण थांबायचं नाही, आणि नंतर ब्रेक न वापरता गार होऊ द्यायची. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तिथेच थर जाड बसतो आणि मग ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली लाटांसारखं वरखाली होतं. मुंबईत हे रविवारी पहाटेच जमेल, नाहीतर गॅरेजमधून निघून थेट एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये घुसलात तर पॅड बसतात पण वाकडेतिकडे. मात्र ह्याला मुदत आहे, दोनेकशे किलोमीटर झाले तरी आवाज तसाच असेल तर "बसेल" हे कारण संपलं.

आता बेअरिंग. त्याचा आवाज चिरका नसतो, लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तशी घूंघूं असते, ३०-४० च्या पुढे सुरू होते, स्पीडबरोबर चढते, आणि ब्रेकला पाय लावला न लावला तरी तिला फरक पडत नाही. गिअर काढून न्यूट्रलला सोडली तरी चालूच राहते, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा संबंध नाही. त्याची खरी खूण वळणावर मिळते. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर झुकतं, त्यामुळे डाव्या वळणावर आवाज वाढत असेल तर संशय उजव्या बेअरिंगवर आणि उजव्या वळणावर वाढत असेल तर डाव्यावर. भरलेल्या गाडीत हे जास्त ठळक कळतं, वाशी मार्केटमधून माल भरून निघताना आवाज आणि रिकामी परतताना शांत, अशी तक्रार ऐकली की मी आधी मागची बेअरिंग बघायला सांगेन.

हे बघायला हायवेवर झिगझॅग करायची गरज नाही, मागचा बेस्टवाला शिव्या घालेल. फ्लायओव्हरला जोडणारा लांब गोल रॅम्प असतो ना, तो एकसारख्या स्पीडने घ्या, काच खाली, गाणी बंद, शेजारी कोणीतरी बसवा. मग सरळ मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, त्याच स्पीडला ब्रेकवर नुसता पाय टेकवा, दाबू नका. आवाज वाढला, कमी झाला किंवा गायब झाला, तिन्हीत अर्थ एकच, ब्रेककडचं आहे. गायब झाला म्हणून बरेच जण फसतात, त्यांना वाटतं ब्रेक लावल्यावर जातो म्हणजे ब्रेकचा नाही. अहो, सैल पॅड क्लिपमध्ये हलत असतो, पॅडल टेकवलं की तो घट्ट धरला जातो म्हणून गप्प होतो.

मागच्या ड्रमसाठी रिकाम्या गल्लीत अगदी हळू, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून एखादा दात ओढून बघायचं, मागचा आवाज बदलला तर लायनर-ड्रमचं काम. लायनर नवीन टाकताना त्यांचं ड्रमपासूनचं अंतर ठरवणारा ॲडजस्टर जास्त ताणलेला राहिला तर ड्रम सतत घासतो आणि तापतो. ड्रममागच्या बॅकिंग प्लेटवर शू (लायनर लावलेल्या कमानी) टेकतात ते ठिपके कोरडे राहिले तर किरकिर. एवढंच, ड्रममध्ये फार गूढ नाही.

मग जॅक. गाडी रिकामी, जागा सपाट, बाकीच्या चाकांना लाकडाचे ठोकळे, खाली जॅकस्टँड, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालू नका. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या १२ आणि ६ ला धरून हलवा. डगडगलं तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर डगडग गेली तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगमध्ये, कारण ब्रेकने हब जाम झाला. तरीही हलत असेल तर सस्पेन्शनचा बॉल जॉइंट किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी आहे. ३ आणि ९ ला हललं तर आधी स्टिअरिंगचा टाय रॉड बघा. नंतर एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनवर ठेवा, बेअरिंग खराब असेल तर बोटांना कचकच जाणवते, पॅड घासत असेल तर नुसती सळसळ.

आता जिथे खरी मेख आहे ते. ब्रेकचं काम केल्यावरच बेअरिंग वाजायला लागलं, असं होऊ शकतं, आणि त्यात योगायोग काहीच नसतो. बऱ्याच जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये रोटर हबच्या मागून बोल्टने लावलेला असतो, म्हणजे रोटर बदलायचा तर सगळा हब उतरवायचा, आतली दोन टेपर रोलर बेअरिंग बाहेर काढायची, ग्रीस भरायचं, सील लावायचं आणि शेवटी नट कसायचा. ह्या नटवर सगळं अवलंबून. तो चाक फिरवत फिरवत कसून, मग सैल करून, कंपनीने सांगितलेल्या मापाला आणायचा असतो आणि नवीन स्प्लिट पिन टाकायची असते. अंदाजाने पान्याला लटकून कसला तर बेअरिंग तापतं आणि थोड्या दिवसांत घूंघूं सुरू. सैल ठेवला तर अजून मजा: हब डुलतो, रोटर डुलतो, तो पॅडना मागे ढकलतो, मग पुढच्या ब्रेकला पॅडल पहिल्यांदा खोल जातं आणि दुसऱ्यांदा बरोबर लागतं, आणि सरळ रस्त्यावर हलकी घासघास येत राहते. म्हणजे आवाज ब्रेकचा, दोष बेअरिंगचा. इथे पॅडचे दहा सेट टाकले तरी काही होणार नाही.

अजून एक शक्यता लोक विसरतात. जुने पॅड एवढे खरखरत होते की बेअरिंगची गुणगुण त्यात दबून गेली होती, नवीन पॅडनी शांतता केली आणि आधीपासूनचा आवाज ऐकू यायला लागला. मिस्त्री बिचारा उगाच शिव्या खातो.

आणि दोघांपैकी कोणाचाच नसलेला आवाजपण आहे, रोटरमागचा पातळ पत्रा. काम करताना पान्याचा किंवा हाताचा धक्का लागून तो जरासा वाकतो आणि रोटरला टेकतो, किंवा रोटर आणि पत्र्यात खडी अडकते, खोदलेल्या रस्त्यांच्या कृपेने खडीला इथे तोटा नाही. आवाज किर्रकिर्र, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला, पॅडलचा परिणाम नाही, म्हणून माणूस बेअरिंगवर जातो. पत्रा बोटाने सरळ केला की संपलं. सगळ्यात आधी हेच बघा, फुकट आहे.

टायर झिजून खडबडीत झाला असेल तर तोही घूंघूं करतो, पण तो काँक्रीटवरून डांबरावर आलात की सूर बदलतो, बेअरिंगचा सूर सहसा बदलत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. हिंदमाताला नाहीतर मिलन सबवेला चाकं अर्धी बुडतील इतक्या पाण्यातून गाडी काढली, तर तापलेला हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रेकचा आवाज लगेच येतो आणि सुकल्यावर जातो, बेअरिंगचा काही आठवड्यांनी येतो, तोवर पाणी कोणाच्या लक्षातही नसतं.

चाक तापत असेल तर तेपण दोघांत विभागून घ्या. ब्रेक कमीत कमी वापरून थोडी चालवा आणि थांबल्यावर टेम्परेचर गनने लगेच मोजा, हात लावू नका. रोटर किंवा ड्रम जास्त तापलाय तर ब्रेक चिकटतोय, मधली हब कॅप जास्त गरम तर बेअरिंग घट्ट आहे. चिकटणाऱ्या कॅलिपरला चाक वर असताना ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) जरा सैल करा, चाक सुटलं तर प्रेशर आत अडकतंय, होज किंवा मास्टर सिलिंडर बघा. नाही सुटलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या गाइड पिन जाम आहेत. त्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावायचं, बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन परत जाम. रॉकेल-डिझेलने कॅलिपर धुणारे असतील तर त्यांना तिथेच थांबवा.

बेअरिंग बदलायचं ठरलं तर आतला कोन (रोलर असलेला भाग) आणि हबमध्ये ठोकून बसवलेला कप (रोलर ज्यावर फिरतात ती कडी) दोन्ही बदलायचे, जुन्या कपवर नवा कोन घालून पैसे वाचवणारा महिनाभरात परत येतो. रोटर नवीन असेल तर हबचा गंज ब्रशने काढल्याशिवाय बसवू देऊ नका, बहुतेक कंपन्या रोटरच्या डुलण्याला ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपासच सूट देतात, गंजाची एक पापडी तेवढी सहज होते. जुना रोटर लेथवर फेस मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, दिलात तर रोटरवर कोरलेली कमीत कमी जाडी वाचून मगच द्या.

नुसती चीं असेल आणि ब्रेक सरळ लागत असेल तर आठवडाभर गाडी चालवून सवडीने बघता येतं. पण चाक १२-६ ला डगडगतंय, किंवा पॅडल दाबल्यावर लोखंड घासल्याचा आवाज येतोय, किंवा गाडी एका बाजूला ओढतेय, तर माल उतरवा आणि तिथल्या तिथे मिस्त्री बोलवा, नाहीतर टो करून न्या, कसारा किंवा खंडाळा उतरायची भाडी तर अजिबात घेऊ नका.