लिनक्स कर्नलला पॅच पाठवायचाय? पात्रता, कागदपत्रे आणि बदलांचे तुकडे पाडण्याची रीत

पात्रता: पॅच म्हणजे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कोडमधला बदल. तो पाठवायला पदवी, अनुभव, फी, ओळखपाळख यांपैकी काहीही लागत नाही. कोड देण्याचा हक्क मात्र तुमच्याकडे हवा. नोकरीत लिहिलेला कोड असेल तर आधी कंपनीची परवानगी घ्या. निनावी पॅच चालत नाही.

कागदपत्रे: प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ, म्हणजे तुमचं नाव आणि ईमेल. 2004 पासून ही पद्धत आहे. ती एक प्रकारची सही आहे: हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं तुम्ही लिहून देता. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’मध्ये ‘गिट कमिट -एस’ (लहान s) दिलं की ओळ आपोआप येते. शिवाय बदल का केला याचं वर्णन हवं. चूक दुरुस्त केली असेल तर ती ज्या कमिटमुळे (गिटमध्ये नोंदलेल्या बदलामुळे) शिरली, त्याच्या क्रमांकाची पहिली 12 अक्षरं आणि शीर्षक ‘फिक्सेस’ या ओळीत द्या.

तुकडे कसे पाडायचे: नवख्यांचे पॅच इथेच अडकतात. किती ओळी बदलल्या हे मोजत बसू नका. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल, हा नियम. एकच फंक्शन पन्नास फाइलींत बदललं तरी तो एकच पॅच. पण दोन ओळींत दोन वेगळ्या गोष्टी केल्या असतील तर पॅच दोन.

समजा, तुम्ही एका ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) टाइमआउटची चूक काढली, काही फंक्शनं नव्या फाइलीत हलवली आणि नव्या चिपचा आधार (सपोर्ट) जोडला. चुकीची दुरुस्ती सर्वात आधी ठेवा. ती जुन्या स्टेबल (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या) आवृत्त्यांतही न्यावी लागते, आणि बाकीच्या बदलांवर अवलंबून असली तर नेणाऱ्याचे हाल होतात. दुसऱ्या पॅचमध्ये फंक्शनं फक्त हलवा, आत एका अक्षरालाही हात लावू नका. हलवता हलवता सुधारणा केली, तर तपासणाऱ्याला शेकडो ओळींत खरा बदल हुडकावा लागतो, आणि तो वेळ कधीकधी त्याच्या स्वतःच्या संध्याकाळचा असतो. नव्या चिपसाठी लागणारं डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं याचे नियम) तिसऱ्यात, चिपचा आधार चौथ्यात.

प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बिल्ड झालं आणि चाललं पाहिजे. उद्या कुणी ‘गिट बायसेक्ट’ने (मधल्या कमिटवर थांबून तपासत दोषी कमिट शोधणाऱ्या आज्ञेने) बिघाड शोधायला घेतला, तर तो तुमच्या मालिकेच्या मधोमधही थांबू शकतो. ‘चौथ्या पॅचमध्ये नीट होईल’ हे त्याच्या काय कामाचं? ‘गिट रिबेस’ला ‘एक्झेक’ जोडून प्रत्येक कमिटवर ‘मेक’ (बिल्ड करणारी आज्ञा) चालवा. बदल आधीच एकमेकांत मिसळले असतील तर ‘गिट ॲड -पी’ने (बदलांचे तुकडे निवडू देणाऱ्या आज्ञेने) वेगळे काढता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण आपल्याच चुका सापडतात त्या इथे.

सादर करणे: कर्नलसोबतच येणाऱ्या ‘चेकपॅच’ स्क्रिप्टने तपासा, ‘गेट मेंटेनर’ने मेंटेनरांचे (त्या भागाची जबाबदारी असलेल्यांचे) पत्ते काढा आणि साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवा, अटॅचमेंट नको. एका वेळी साधारण 15 पर्यंतच पॅच पाठवा. मालिकेला प्रस्तावनापत्र जोडा. सुधारित मालिकेवर ‘व्ही2’ लिहा, आणि काय बदललं ते पॅचच्या वर्णनानंतर येणाऱ्या तीन डॅशच्या (---) ओळीखाली. तिथला मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही.

उत्तर आलं नाही तर किमान आठवडाभर थांबून नम्रपणे आठवण करा. मर्ज विंडोच्या (नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घेण्याच्या काळाच्या) दोन आठवड्यांत मेंटेनर गडबडीत असतात, तेव्हा त्याहून जास्त थांबा.