मालिकेतला दिवा का फडफडतो?

सून खोटं बोलते आणि त्याच क्षणी देवघरातली समई फडफडते. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत मराठी मालिका बघणाऱ्या कुठल्याही घरात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लेखकाला नेमकं तेच हवं असतं. अर्ध्या तासातल्या जाहिराती वगळल्या तर हाती वीस-बावीस मिनिटं उरतात. तेवढ्यात पात्राचा सज्जनपणा प्रसंगांतून उभा करणं अवघड असतं. तुळशीला पाणी घालणारी बाई दाखवली की काम दोन सेकंदांत होतं. मालिकेत धर्म येतो तो बहुतेक वेळा असा, पात्राची ओळख पटवणारी खूण म्हणून.

नैतिक प्रश्नाचा निवाडा मात्र संकलनाच्या टेबलावर होतो. डॉल्फ झिलमन या अभ्यासकाच्या मांडणीनुसार प्रेक्षक पात्राची प्रत्येक कृती सतत तोलत असतो. त्यातून आवड-नावड ठरते आणि आवडत्या पात्राचं भलं झालं की आपल्याला समाधान वाटतं. आर्थर रेनी यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. पुष्कळदा पात्र आधी आवडतं आणि मग त्याच्या चुकांना आपण सवलत देतो. सासू-सुनेच्या भांडणात कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर जास्त रेंगाळतो, यावर ही सवलत बरीचशी अवलंबून असते. डोळे भरून आलेला चेहरा जवळून दाखवला, मागे बासरी वाजवली की ते पात्र निम्मं निर्दोष सुटतं.

हे गणित कसं फसतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’. मेक्सिकोचे मालिका-निर्माते मिगेल साबिदो यांची पद्धत तिच्यासाठी वापरली होती: एक अनुकरणीय पात्र, एक टाळण्याजोगं आणि एक डळमळीत, जे हळूहळू बदलतं. भागाच्या शेवटी अशोक कुमार स्वतः येऊन त्यावर बोलायचे. सगळं सोसणारी आई भागवंती ही ‘असं वागू नका’ हे सांगण्यासाठी होती. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात आढळलं, की अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं. माझ्या मते यात नवल नाही. सोसणं म्हणजे पुण्य, हे पुराणकथांनी मनावर आधीच कोरलेलं असतं; शेवटच्या काही सेकंदांच्या उपदेशाने ते पुसलं जात नाही.

पेडण्याच्या दशावतारात हा मामला वेगळा. वेद चोरणारा संकासुर लोकांना खदाखदा हसवतो, तरी तो चोर आहे हे कुणी विसरत नाही. देवळाच्या मांडावर सगळी पात्रं एकदम समोर असतात. कुणाकडे बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. पडद्यावर ती निवड दिग्दर्शकाने आधीच केलेली असते.

ती पकडायची सोपी युक्ती आहे. भांडणाचा प्रसंग दोन मिनिटं आवाज बंद करून बघा. कुणाचा चेहरा किती वेळा आला, तो जवळून होता की लांबून, ते कागदावर टिपा. मग तोच प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका. संगीत कुठल्या वाक्यावर बदलतं ते लक्षात येईल. घरात मुलं असतील तर त्यांनाच मोजायला सांगा. ती हे फार काटेकोरपणे करतात.