ठिबकच्या नळीतल्या फांद्या

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत वेलींच्या ओळीने गेलेली ठिबकची काळी लॅटरल सगळीकडे सारखीच दिसते. ती बहुधा एलएलडीपीई या पॉलिथिनची असते. तरी एक नळी वर्षानुवर्षं टिकते, दुसरी ड्रिपरजवळ तडकते. प्लास्टिकात मिसळलेली काजळी वगळून दोन्हींतली मूलद्रव्यं मोजली, तरी उत्तर तेच: एका कार्बनमागे दोन हायड्रोजन. तडकायला ऊन, काजळीचं प्रमाण अशी कारणं असतातच, पण एक कारण रेणूच्या फांद्यांत दडलेलं असतं.

हे प्लास्टिक बनवताना इथिलीनमध्ये थोडं ब्युटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन (4, 6 आणि 8 कार्बनचे त्याचेच भाऊबंद) घालतात. त्यामुळे लांब साखळीला अनुक्रमे 2, 4 किंवा 6 कार्बनची फांदी फुटते. फांदी असलेला भाग स्फटिकात नीट बसत नाही; फांदी जितकी लांब, तितका कमी. अशी साखळी एका स्फटिकातून निघून शेजारच्यात शिरते आणि दोघांना बांधून ठेवते. ऑक्टीनचं पॉलिथिन ब्युटीनच्या पॉलिथिनपेक्षा सहसा चिवट असतं ते यामुळेच.

या फांद्या मोजायला एनएमआर, म्हणजे न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. साध्या तापमानाला पॉलिथिन कशातच विरघळत नाही, म्हणून ते ट्रायक्लोरोबेंझीनसारख्या द्रावकात 120 ते 130 अंश सेल्सिअसला विरघळवून चुंबकात ठेवतात. 400 मेगाहर्ट्झच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्र 9.4 टेस्ला, पृथ्वीच्या लाखपटीहून जास्त! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनएमआर यंत्रं आहेत. कार्बन-13 या कार्बनच्या किंचित जड प्रकाराची केंद्रकं रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि शेजारी कोणते अणू आहेत त्यानुसार तो किंचित सरकतो. हे सरकणं पीपीएममध्ये (दशलक्षांश) मोजतात. आलेखावर सरळ साखळीतल्या कार्बनचं शिखर 30 पीपीएमला दिसतं, ब्युटीनच्या फांदीचं टोक 11 च्या आसपास, हेक्झीनचं 14 च्या आसपास. शिखरांखालचं क्षेत्रफळ मोजलं की हजार कार्बनमागे फांद्या किती, ते कळतं.

पण निसर्गातल्या कार्बनपैकी कार्बन-13 जेमतेम 1.1 टक्के. त्यामुळे हजारो वेळा मोजून बेरीज करावी लागते, त्यात तास जातात. दोन मोजण्यांमध्ये केंद्रकांना पूर्ववत व्हायला वेळ दिला नाही, तर आकडेच खोटे येतात. अशा घाईतल्या अहवालापेक्षा अहवाल नसलेला बरा.

मर्यादाही आहे. 6 कार्बनची फांदी आणि शेकडो कार्बनची फांदी इथे जवळपास सारखीच दिसते. भेसळ पकडायला मात्र 5 कार्बनची फांदी कामाची. ब्युटीन, हेक्झीन, ऑक्टीन यांपैकी कशातूनच ती येत नाही. जास्त दाबाखाली बनणाऱ्या एलडीपीई या दुसऱ्या पॉलिथिनात ती असते, कारण तिथे वाढणाऱ्या साखळीचं टोक मागे वळून स्वतःच्याच साखळीतला हायड्रोजन ओढून घेतं, मग वाढ तिथून पुढे होते आणि जुनं टोक फांदी बनून राहतं. नव्या एलएलडीपीईची म्हणून विकलेल्या नळीत 32.7 पीपीएमच्या आसपास तिचं शिखर दिसलं, तर त्यात एलडीपीईची जुनी फिल्म वितळवून घातल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.